बालदम्याची गणती

कोणत्याही रोगाचे आंकडे छापून आले म्हणजे वाचणाराची नजर प्रथम आंकड्यावर जाते. अमुक देशांत शंभरांतील दहा मुलांस दमा आहे, पंचवीस वर्षांपूर्वीं तो चौघांसच होता, असें वाचलें कीं मन धास्तावतें. हवा बिघडली, अन्न बिघडलें, राहणी बिघडली, असे तर्क घरोघर सुरू होतात. त्यांपैकीं कांहीं खरेही असतील. परंतु त्या सर्वांच्या आधीं विचारावयाचा एक प्रश्न बहुधा राहून जातो. मोजणारानें दमा म्हटलें तें कशास? आणि दोन्ही वेळीं त्यानें एकाच गोष्टीस दमा म्हटलें काय?

परीक्षेचें उदाहरण घ्यावें. उत्तीर्ण होण्यास शंभरांत पस्तीस गुण लागतात. ते उद्यां चाळीस केले, तर एकाही मुलाचें ज्ञान तिळभर कमी न होतां नापास मुलांची संख्या एका रात्रींत वाढेल. उलट तीस केले, तर शाळेची कीर्ति वाढेल; आणि कीर्ति वाढविण्याचा हा मार्ग कोणास ठाऊक नाहीं असें नाहीं. तथापि परीक्षेंत ही रेघ कोठें मारली आहे हें निदान सर्वांस माहीत असतें. दम्याच्या बाबतींत ती कोणी, कोठें व कशाच्या आधारें मारली, हें मूळ अहवालांत बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें, आणि बातमी होईपर्यंत तें गळून पडतें.

कित्येक रोगांस स्वतःची अशी खूण असते. हिवतापाचे जंतु रक्ताच्या थेंबांत सूक्ष्मदर्शकाखालीं दिसतात. क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं दाखवून दिला. खूण सांपडली कीं रोगी ठरला. दम्यास असा एकच एक साक्षीदार नाहीं. श्वासनलिकांस सूज येते, त्या आकुंचन पावतात, श्वास बाहेर टाकतांना छातींतून सूं सूं असा बारीक आवाज येतो, पहांटे खोकल्याची उबळ येते, धांवल्यावर धाप लागते. आणि कांहीं वेळानें, आपोआप किंवा औषधानें, हें सारें ओसरून मूल पुन्हां अंगणांत खेळूं लागतें. डॉक्टरांनीं छातीस नळी लावावी, तों छाती स्वच्छ! ही येण्याजाण्याची रीत हेंच दम्याचें मुख्य लक्षण, आणि त्याच्या मोजणींतील मुख्य अडचणही तीच.

चरकसंहितेंत श्वासाचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील तमकश्वासाचें वर्णन, म्हणजे आडवें पडतां न येणें, बसल्यानें बरें वाटणें, ढगाळ हवेनें व थंडीनें विकार बळावणें, हें आजच्या दम्याशीं पुष्कळ जुळतें. इंग्रजी नांव ज्या ग्रीक शब्दावरून आलें, त्याचा अर्थही धापा टाकणें असाच आहे. म्हणजे हें नांव मूळचें एका अनुभवाचें आहे, कारणाचें नव्हे. आधुनिक काळांत व्याख्या करण्याचे प्रयत्न झाले. १९५८ सालीं सिबा प्रतिष्ठानाच्या विद्यमानें तज्ज्ञांची एक परिषद भरली व तिनें सुचविलेली व्याख्या पुढल्या वर्षीं प्रसिद्ध झाली. श्वासमार्ग सर्वत्र अरुंद होणें, आणि त्या अरुंदपणाची तीव्रता थोड्या काळांत आपोआप अगर उपचारानें पालटणें, असा तिचा आशय होता. व्याख्या सुबक खरी. परंतु किती अरुंद, किती पालट, आणि वर्षांतून किती वेळां, याचा तींत उल्लेख नाहीं. त्याच प्रतिष्ठानाच्या पुढाकारानें मंडळी पुन्हां एकदां जमली, आणि उपलब्ध माहितीवरून दम्याची व्याख्या करतां येत नाहीं, असा निर्णय त्यांनीं दिला. त्याचा वृत्तांत १९७१ सालीं प्रसिद्ध झाला. विद्वानांच्या सभेनें इतकें सरळ उत्तर द्यावें, हें विरळाच घडतें.

मुलांच्या बाबतींत गोंधळ अधिक होता. पाश्चात्य डॉक्टर फार दिवस दोन नांवें वापरीत असत. मुलाला सर्दीपडशाबरोबर सूं सूं झाली, तर श्वासनलिकादाह. सर्दीवांचून झाली, तर दमा. पहिलें नांव सौम्य, दुसरें भयंकर. म्हणून डॉक्टर पहिलें सांगत, आणि आईबापही तेंच पसंत करीत. ऑस्ट्रेलियांतील मेलबोर्न शहरीं १९६४ सालीं सात वर्षांचीं मुलें निवडून विल्यम्स आणि मॅक्निकल यांनीं त्यांची बारकाईनें पाहणी केली. १९६९ सालीं त्यांनीं जाहीर केलें, कीं या दोन विकारांमध्यें सीमारेषा आंखतां येत नाहीं. ती एकाच रोगाचीं सौम्य व तीव्र रूपें आहेत. हें मान्य केलें म्हणजे काय होतें तें पाहावें. काल ज्या मुलांची नोंद एका रकान्यांत होती, तीं सारीं आज शेजारच्या रकान्यांत जातात. एकाही मुलाची छाती पूर्वीपेक्षां अधिक वाजत नाहीं, परंतु दम्याचा आंकडा मात्र फुगतो.

नांव न देण्याचा परिणाम केवळ कागदावर राहतो असें मात्र नाहीं. इंग्लंडच्या ईशान्य भागांत, न्यूकॅसलच्या परिसरांत, स्पाईट आणि त्यांचे सहकारी यांनीं सात वर्षांच्या मुलांची पाहणी करून १९८३ सालीं ती प्रसिद्ध केली. शाळेंत जाऊं लागल्यापासून छाती वाजण्याचा प्रसंग आलेलीं १७९ मुलें त्यांस आढळलीं. त्यांपैकीं फक्त २१ मुलांच्या आईबापांस हा दमा आहे असें कोणी सांगितलें होतें. बाकीच्यांस खोकल्याचीं औषधें व जंतुनाशकें मिळत, आणि मुलें घरीं बसत. अधिक त्रास असलेल्या मुलांस दम्याचे योग्य उपचार मिळूं लागतांच त्यांची शाळा बुडण्याचें प्रमाण अतिशय घटलें. हजेरीपटावरील रिकाम्या चौकटींचें कारण मुलाच्या आळसांत किंवा नाजूकपणांत शोधणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

यानंतर ब्रिटनमधील डॉक्टर दमा हें नांव मोकळेपणानें देऊं लागले. तेव्हां वाढलेला आंकडा रोगाचा किती आणि नांवाचा किती, हें निवडणें शक्य आहे काय? एका ठिकाणीं तें बऱ्याच अंशीं साधलें आहे. स्कॉटलंडांतील ॲबर्डीन शहरीं १९६४ सालीं शाळकरी मुलांची पाहणी झाली होती. निनान आणि रसेल यांनीं १९८९ सालीं त्याच शहरांतील प्राथमिक शाळांत तेच प्रश्न पुन्हां विचारले. १९६४ सालीं शंभरांत १०.४ मुलांची छाती वाजत असे, १९८९ सालीं १९.८ मुलांची. दमा असल्याचें निदान झालेलीं मुलें मात्र ४.१ वरून १०.२ वर गेलीं. लक्षण सुमारें दुपटीनें वाढलें, नांव अडीच पटींनीं.

येथें थोडें त्रैराशिक केलें म्हणजे चित्र स्पष्ट होतें. १९६४ सालीं छाती वाजणाऱ्या शंभर मुलांपैकीं सुमारें ३९ जणांस दमा हें नांव मिळालें होतें. १९८९ सालीं सुमारें ५२ जणांस. डॉक्टर १९६४ इतकेच हात आंखडून राहिले असते, तर १९८९ सालचा आंकडा १०.२ न होतां ७.८ च्या आसपास भरला असता. म्हणजे एकूण ६.१ वाढीपैकीं सुमारें ३.७ वाढ छाती वाजण्याची आणि २.४ वाढ नांवाच्या उदारतेची. हा हिशेब काटेकोर मानण्याचें कारण नाहीं, कारण दम्याविषयीं बोलणें वाढलें म्हणजे आईस मुलाची सूं सूं आठवूंही अधिक लागते. तरी त्यावरून दोन टोंकांचीं मतें एकदम बाद होतात. रोग मुळींच वाढला नाहीं, हा सगळा डॉक्टरांचा खेळ आहे, असें म्हणणारा चुकतो. आणि रोग अडीच पट झाला असें म्हणणाराही चुकतो.

अमेरिकेंतील उदाहरण निराळ्या प्रकारचें आहे. तेथें सरकारतर्फे दरवर्षीं घरोघरीं आरोग्याची पाहणी होते. १९९६ पर्यंत प्रश्न साधारण असा असे, कीं गेल्या बारा महिन्यांत घरांतील कोणास दमा होता काय? या प्रश्नानें मुलांतील प्रमाण १९८० सालीं शेंकडा ३.६ आणि १९९५ सालीं ७.५ भरलें. १९९७ सालीं प्रश्नच बदलला. डॉक्टरांनीं या मुलास दमा आहे असें कधीं सांगितलें होतें काय, आणि सांगितलें असल्यास गेल्या बारा महिन्यांत झटका आला काय, असें विचारूं लागले. त्या वर्षीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर ११.४ आणि दुसऱ्याचें ५.४. ज्यास भीति घालावयाची असेल त्यानें ७.५ पुढें ११.४ लिहावें, ज्यास धीर द्यावयाचा असेल त्यानें ५.४ लिहावें. दोघेही सरकारी आंकडेच दाखवितील! पुढें २००१ पासून, दमा अजून आहे काय, असा आणखी एक प्रश्न घालण्यांत आला. २००५ सालचे तिन्ही आंकडे शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. कधीं तरी दमा सांगितलेलीं मुलें शेंकडा १२.७, म्हणजे सुमारें ९० लाख. अजून दमा असलेलीं ८.९, म्हणजे ६५ लाख. वर्षभरांत झटका आलेलीं ५.२, म्हणजे ३८ लाख. देश तोच, वर्ष तेंच, मुलें तींच; आणि लहानमोठ्या आंकड्यांत अडीच पटींचें अंतर.

संशोधक तरी आपापसांत एकमतानें चालतात काय? हॉलंडमधील अभ्यासकांनीं २०१० सालीं बालदम्यासंबंधींचे १२२ शोधनिबंध तपासले. त्यांत दम्याच्या ६० निरनिराळ्या व्याख्या निघाल्या. कोणी डॉक्टरांचें निदान धरलेलें, कोणी छाती वाजणें, कोणी औषध घेणें, कोणी यांतील दोन मिळून. अधिक प्रचारांतील चार व्याख्या त्यांनीं आपल्याजवळील मुलांच्या एकाच गटास लावून पाहिल्या. एका व्याख्येनें शेंकडा १५.१ मुलें दमेकरी ठरलीं, तर दुसरीनें ५१.१. हे आंकडे सबंध देशाचें प्रमाण म्हणून घ्यावयाचे नाहींत. परंतु दोन शोधनिबंधांचे निष्कर्ष जुळत नाहींत तेव्हां भांडण मुलांच्या छातीविषयीं असतें कीं शब्दाविषयीं, हा संशय त्यावरून नक्कीच येतो.

मुलाचें वय हाही एक भाग आहे. अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत टूसॉन येथें जन्मापासून पाहिलेल्या ८२६ मुलांची हकीकत १९९५ सालीं प्रसिद्ध झाली. सहाव्या वर्षापर्यंत ५१.५ टक्के मुलांची छाती कधींच वाजली नाहीं. १९.९ टक्के मुलांची तीन वर्षांच्या आंत वाजली, पण सहाव्या वर्षीं वाजत नव्हती. १३.७ टक्के मुलांची तीनच्या आंतही वाजली आणि सहाव्या वर्षींही. उरलेल्या १५ टक्क्यांची तीन वर्षांनंतर वाजूं लागली. आपल्याकडे घरांतील वडील मंडळी बाळदमा मोठेपणीं जातो म्हणतात, त्यांत तथ्य आहे तें एवढें. तान्हेपणीं छाती वाजलेल्या पांच मुलांपैकीं तिघांची ती शाळेच्या वयापर्यंत थांबते. उरलेल्या दोघांची थांबत नाहीं, आणि तीं दोघें कोणतीं हें पाळण्याकडे पाहून कळत नाहीं. दोन वर्षांच्या मुलांस मोजणाऱ्याचा आंकडा आणि बारा वर्षांच्या मुलांस मोजणाऱ्याचा आंकडा एका तक्त्यांत बसविणें, हें म्हणूनच धोक्याचें.

एवढ्या अडचणी पाहून कांहीं संशोधकांनीं ठरविलें, कीं डॉक्टरांच्या निदानाचा नाद सोडावा आणि जगभर एकच साधा प्रश्न विचारावा. १९९१ सालीं सुरू झालेल्या आयझॅक या आंतरराष्ट्रीय पाहणीचा हाच पाया. गेल्या बारा महिन्यांत छातींत सूं सूं किंवा शिटीसारखा आवाज झाला काय, हा तिचा मुख्य प्रश्न. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत ५६ देशांतील १५५ केंद्रांवरील तेरा-चौदा वर्षांच्या ४,६३,८०१ मुलांचीं उत्तरें आहेत. आपल्याकडील मुंबई, पुणें, अकोला हीं केंद्रेंही त्यांत होतीं. सर्वांत वरचे आंकडे ब्रिटन, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया व आयर्लंड येथले. खालचे पूर्व युरोप, इंडोनेशिया, ग्रीस, चीन, भारत येथले. वरच्या आणि खालच्या केंद्रांत वीस पटींहून अधिक तफावत.

आतां एक गोष्ट सहज लक्षांत येते. वरचे चारही देश इंग्रजी बोलणारे, आणि प्रश्न मुळांत इंग्रजींत लिहिलेला. श्वास सोडतांना छातींतून येणाऱ्या त्या आवाजास इंग्रजींत घरोघर चालणारा एकच नेमका शब्द आहे. मराठींत काय आहे? धाप लागणें म्हणावें, तर ती जिना चढणाऱ्या निरोगी माणसासही लागते. दम लागणें हें त्याहून व्यापक. घरघर म्हटलें, तर घशांत कफ दाटल्याचा जाड आवाज कानांत येतो, आणि शिवाय तो शब्द अंतकाळच्या स्मृति जागवितो. छाती भरली हें आई सर्रास म्हणते, पण भरलेली प्रत्येक छाती दम्याची नव्हे. सूं सूं वाजतें किंवा छातींत शिटी वाजते, हें सर्वांत जवळचें. तरी ज्या मुलानें तें शब्द आपल्या श्वासाविषयीं कधीं ऐकलेले नाहींत, तें छापील कागदापुढें अडखळतें. भाषांतर करणारा कितीही प्रामाणिक असला, तरी एका भाषेंतील नेमका शब्द दुसऱ्या भाषेंत सैल होतो आणि तिसरींत घट्ट होतो. आणि तेवढ्यानें आंकडा वरखालीं होतो.

ही अडचण पाहणीच्या चालकांनीं ओळखली होती, हें त्यांस भूषणावह आहे. त्यांनीं एक चलच्चित्र तयार केलें. त्यांत बसल्या जागीं छाती वाजणारें मूल, धांवल्यावर वाजणारें, रात्रीं वाजून जागें होणारें, रात्रीं खोकणारें आणि तीव्र झटक्यानें कासावीस झालेलें, अशीं पांच दृश्यें दाखवावयाचीं, आणि तुझा श्वास कधीं असा झाला होता काय, एवढेंच विचारावयाचें. शब्दांचें काम डोळ्यांनीं व कानांनीं केलें. पुष्कळ केंद्रांत या रीतीनें मिळालेले आंकडे लेखी उत्तरांहून कमी भरले. तरीही देशादेशांतील मोठी तफावत पुसली गेली नाहीं.

शब्दाचा दोष वजा केल्यावरही कांहीं शिल्लक उरतें, याचा आणखी एक पुरावा जर्मनींत मिळाला. दोन जर्मनींचें एकीकरण झाल्यावर एरिका फॉन म्युटियस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पश्चिमेकडील म्युनिक आणि पूर्वेकडील लाइप्झिग व हाले येथील मुलांची तुलना केली. पूर्वेकडे हवेंत धूर अधिक, म्हणून दमाही अधिक असेल, अशी सर्वांची अटकळ. तेथें श्वासनलिकादाहाचें निदान अधिक मुलांस झालेलें होतें, तें खरें. परंतु थंड हवा जोरानें श्वासांत घ्यावयास लावून श्वासनलिका किती आकुंचन पावतात याची चांचणी घेतली, तेव्हां हळव्या श्वासनलिकांचीं मुलें पश्चिमेकडे शेंकडा ८.३ आणि पूर्वेकडे ५.५ निघालीं. यंत्रास जर्मन भाषा येत नाहीं. त्यानें दाखविलेला फरक निव्वळ शब्दाचा म्हणतां येत नाहीं. अर्थात् यंत्र हेंही शेवटचें न्यायपीठ नव्हे. चांचणींत नापास झालेलीं कित्येक मुलें कधीं खोकतही नाहींत, आणि खरोखर दमा असलेलें मूल चांगल्या दिवशीं चांचणींत उत्तीर्ण होतें. पांच वर्षांच्या आंतील मुलांस तर नळींत नीट फुंकतांही येत नाहीं.

मग यांतील खरा आंकडा कोणता? हा प्रश्न, उंची खरी कीं वजन खरें, अशा जातीचा आहे. औषधांचा सांठा किती करावा हें ठरविणाऱ्यास वर्षभरांतील झटक्यांचा आंकडा हवा. कारणें शोधणाऱ्यास एकच प्रश्न वर्षानुवर्षें न बदलतां विचारलेला हवा, मग तो प्रश्न थोडा उणा असला तरी चालेल. आणि डॉक्टरांपुढें बसलेल्या एका मुलाच्या बाबतींत टक्केवारीचा कांहींच उपयोग नाहीं. तेथें त्याच्या छातीची हकीकत हवी.

ही तिसरी गोष्ट आपल्याकडे किती मागें पडते, हें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीवरून दिसतें. ग्लोबल ॲस्थमा नेटवर्क या संघटनेच्या पद्धतीनें पुण्यासह नऊ केंद्रांवर सहा-सात वर्षांचीं मुलें, तेरा-चौदा वर्षांचीं मुलें आणि पालक यांस प्रश्न विचारण्यांत आले. मुलांमध्यें दम्याचें प्रमाण तीन ते चार टक्क्यांच्या दरम्यान भरलें, म्हणजे पाश्चात्य देशांच्या मानानें पुष्कळच थोडें. समाधान मानावयास हरकत नव्हती. परंतु त्याच पाहणींत असें आढळलें, कीं गेल्या वर्षभरांत छाती वाजलेल्या लोकांपैकीं ८२ टक्क्यांस, आणि ज्यांचा त्रास तीव्र होता अशांपैकीं ७० टक्क्यांस, दम्याचें निदान झालेलेंच नव्हतें. भारतांत केवळ निदानावरून कोणी दम्याची मोजदाद केली, तर तो रोग फारच विरळा असल्याचें सिद्ध होईल!

यांत दोष एकट्या डॉक्टरांचा नाहीं. दमा हा शब्द ऐकतांच आईचा चेहरा उतरतो. मुलगी असेल तर पुढील लग्नाची चिंता त्याच क्षणीं सुरू होते. ज्यास लोक पंप म्हणतात तें श्वासावाटे घ्यावयाचें औषध दिलें, तर त्याची सवय लागेल अशी भीति शेजारीपाजारी घालतात. मग डॉक्टरही भिडेखातर ॲलर्जी म्हणतात, बाळदमा म्हणतात, छाती नाजूक आहे म्हणतात. नांव मऊ होतें, आणि पुष्कळदां त्याबरोबर उपचारही अर्धवट राहतो. न्यूकॅसलच्या मुलांचें जें झालें तेंच येथें चालतें.

मुलाची छाती बहुधा पहांटे वाजते आणि दवाखाना दहा वाजतां उघडतो. तोंपर्यंत आवाज थांबलेला असतो, आणि आईस तो वर्णन करून सांगण्यास शब्द सांपडत नाहीं. अलीकडे बालरोगतज्ज्ञ अशा वेळीं एक साधी सूचना करतात. झटका येईल तेव्हां, मुलाला आधार देऊन बसविल्यावर व सांगितलेलें औषध दिल्यावर, त्याच्या उघड्या छातीचें आणि श्वासाच्या आवाजाचें अर्ध्या मिनिटाचें चित्र मोबाइलवर घेऊन ठेवावें. किती रात्रीं झोपमोड झाली आणि शाळा किती दिवस बुडाली, हें दिनदर्शिकेवर टिपावें. डॉक्टरांपुढें तें चित्र आणि तो कागद ठेवावा, आणि नांव काय द्यावयाचें तें त्यांस ठरवूं द्यावें.